टिंब राहिलेली पाटी

नवा फॉन्ट आला की मी आधी त्यातली खोट शोधतो. कौतुक मागाहून. विकणाऱ्यासमोर मालाचं कौतुक केलं की भाव वाढतो, आणि ही सवय माझ्या अंगात इतकी मुरली आहे की समोर विकणारा नसून नुसता कॉम्प्युटर असला, तरी माझी भुवई वर चढते.

मागच्या महिन्यात मनीषाने मला हाक मारली. मनीषा माझ्या बोईसरच्या दुकानात दहा वर्षं कॉम्प्युटरवर बसते. जवळच्या पाम गावाहून स्कूटरने येते. मी चिडलो की पंख्याचा वेग वाढवते, एवढीच ती माझ्या रागाची दखल घेते.

"दादा, इकडं या. मराठीत गोल फॉन्ट आलाय नवा. सगळ्या ग्रुपवर त्योच चाललाय."

"गोल म्हणजे?"

"म्हणजे कुठं टोकच नाय. बगा तरी."

बघितलं. यापूर्वी असे गोल म्हणवणारे फॉन्ट मी पुष्कळ पाहिले होते. इंग्रजीचं वळण घ्यायचं आणि आपल्या अक्षरांचे कोपरे कानशीने घासल्यासारखे घासायचे, की झाला गोल. याचं तसं नव्हतं. वरची रेघ शब्दभर सलग जात होती, अक्षरांच्या मध्ये कुठे खाच नव्हती, आणि शब्द संपला तिथे ती बोटाच्या टोकासारखी वळून थांबत होती. 'क'चं पोट भरलेलं, 'र'ची शेपूट जमिनीला टेकताना मऊ झालेली. 'ळ' तर बशीत दोन पेढे शेजारी ठेवावेत तसा.

"जाड आहे," मी म्हणालो. "लहान केलं की 'घ' आणि 'ध' एक दिसतील."

तिने लहान केलं. वेगळे दिसले.

"जोडाक्षरं फसली असतील."

तिने 'लक्ष्मी' लिहिलं. फसलं नव्हतं.

"आता बोला," मनीषा म्हणाली. "काय लिहू?"

मी एका होडीचं नाव सांगितलं. पांढऱ्यावर निळ्या रंगात लिही म्हणालो. तिने लिहिलं, आणि मला वाटलं, माझ्या खुर्चीच्या मागे पेंटर येऊन उभा आहे. टर्पेंटाइन आणि सुके बोंबील, दोन्हींचा मिळून येणारा त्याचा तो वास. मी खरंच मागे वळून बघितलं. मागे लॅमिनेशनचं मशीन होतं.

*

त्याला सगळे पेंटरच म्हणायचे. सातपाटीचा. पालघरपासून बोईसरपर्यंत एकेकाळी रंगाने लिहिलेली निम्मी अक्षरं त्याच्या हातची असतील. किडकिडीत, काळा, डोक्याला कायम एक टॉवेल. ब्रश ठेवायला पीव्हीसी पाइपचा हातभर तुकडा, एका बाजूने बंद, दुसऱ्या बाजूला जाळं तरंगवणाऱ्या बोयाचं बूच. एसटीत हा पाइप तो मांडीवर आडवा धरून बसायचा. कंडक्टरने वर ठेवायला सांगितलं तर म्हणायचा, "झोपलीत ती. उठवू नको."

रस्त्यावरच्या पाट्या तो मोठ्याने वाचायचा, आणि अक्षर जसं असेल तशा आवाजात. चौकोनी, धारदार अक्षरं असली की मान ताठ करून, हवालदारासारखा. तिरकी अक्षरं असली की धावत धावत. बोईसरच्या स्टेशन रोडवर त्याच्याबरोबर चाललं की लोक थांबून बघायचे. एका दवाखान्याची पाटी त्याने इतक्या जोरात ओरडून वाचली की आतून कंपाउंडर बाहेर आला.

"काय झालं?"

"मला काय नाय झालं," पेंटर म्हणाला. "तुमची पाटी बोंबलते. पेशंट घाबरंल."

त्याच्या अक्षरांना मात्र कुठे टोक नसे. ब्रश उचलला की ओल्या रंगाच्या शेवटावर तो अंगठ्याचं पेर हलकेच टेकवायचा आणि फिरवायचा. प्रत्येक रेघेचा शेवट त्याच्या अंगठ्याच्या आकाराचा. त्यामागे कला वगैरे काही नव्हतं. तो होड्यांचा पेंटर. पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या असायच्या, आणि नारळी पौर्णिमेच्या आधी त्यांची नावं नव्याने लिहायची असायची. त्या दिवसांत बोईसरमधल्या कोणी वाट्टेल ते केलं तरी तो सातपाटी सोडून येत नसे. लिहिण्याआधी फळीला गाल लावून ओल गेली का बघायचा.

"रंग कदी बी कोपऱ्यातून सुटतो," त्याने मला सांगितलं होतं. "कोपरा ठेवला का समुद्र तिथं नख घालतो. गोल ठेव, त्याला धरायला जागाच नाय."

हेच त्याने एमआयडीसीत केलं. एका केमिकल कंपनीने त्याला धोक्याच्या सूचना लिहायला दिल्या होत्या. पेंटरने 'धोका' असा लिहिला की बघून मायेने जवळ जावंसं वाटेल. तिथला सिक्युरिटीवाला उत्तरेकडचा, धिप्पाड. पाटी बघून म्हणाला, "अरे पेंटर, ये खतरा है कि हलवाई की दुकान?"

"साब, खतरा हायच," पेंटर म्हणाला. "पण निकलेगा नाय. तुमारे यहाँ का हवा भी समुंदरसारकाच हाय, खाता हाय."

बाकीच्या पाट्यांची पुढे वाताहत झाली. ते गोल 'धोका' मी परवापर्यंत पाहिलेत.

आणखी एक त्याची रीत. नाव लिहायला घेतलं की मालकाला बोलावून त्याचं बोट तो फळीवर टेकवायचा आणि पेन्सिलीने त्याच्या टोकाभोवती गोल काढायचा. नावात टिंब असेल तर टिंबाच्या जागी, नसेल तर नावाच्या शेवटी. बाकी सगळं तो लिहायचा, तेवढा गोल कोरा ठेवायचा. पाटी न्यायला आलं की रंगाचा डबा पुढे करायचा. मालकाने बोट बुडवायचं आणि त्या गोलात टेकवायचं. मग पाटी त्याची. तोवर पाटी पेंटरच्या हाताखालून दुसऱ्याच्या हातात जात नसे, मग कोणी कितीही घाई करो. होडीचा मालक बहुतेक वेळा बायकोला पुढे करायचा. त्यामुळे सातपाटीच्या कितीतरी होड्यांवरची टिंबं बायकांच्या बोटांची होती. समुद्रात गेलेल्या माणसाला तेवढीच सोबत, असं काहीतरी असेल. पेंटरने कधी कारण सांगितलं नाही.

*

माझी पाटी त्याने लिहिली, तेव्हा मी नोकरी सोडून नुकतं दुकान घेतलं होतं. रेडियमचे स्टिकर, नंबर प्लेट, रबरी शिक्के. आम्ही सांगलीकडचे. वडील लवकर गेले, आई मला घेऊन भावाच्या आधाराने तारापूरला आली आणि औषधांच्या बाटल्यांना लेबलं चिकटवायच्या कामाला लागली. सतरा-अठरा वर्षं तिने लेबलं लावली. वाचता येत नव्हतं, पण लेबल केसभर वाकडं असलं तरी तिला लांबून कळायचं. लिहिलेलं एकच ओळखायची, स्वतःचं नाव. शांता. दुकानाला मी तेच नाव दिलं. माझा स्वभाव माहीत असलेल्यांनी तेव्हा यथेच्छ हसून घेतलं.

पेंटर घरी आला होता. जुन्या होडीच्या सागाच्या दोन फळ्या जोडून केलेली पाटी आणली होती, अजून कोरी. आई पदराला हात पुसत बाहेर आली. त्याने तिचं बोट धरलं, नीट मापाने 'शा' येणार त्या जागेच्या वर टेकवलं आणि पेन्सिल फिरवली.

"बारीक हाय गो बोट तुजं," तो म्हणाला.

"लेबलं लावून लावून झिजलंय," आई म्हणाली.

दोघंही हसले. मी दिवस ठरवण्यात गुंतलो होतो. तो दसरा म्हणत होता, मी दसऱ्याच्या आदल्या दिवसावर अडून बसलो होतो. अडून बसण्याचं कारण काहीच नव्हतं. समोरच्याने सांगितलेला दिवस मान्य केला की मला हरल्यासारखं वाटतं.

तो आदल्या दिवशी घेऊन आला. दुकानासमोर चार माणसं जमली होती. शेजारचा मोबाइलवाला होता, माझ्या जुन्या कंपनीतले दोघे होते, आई नवं लुगडं नेसून उभी होती. पेंटरने कापड काढलं. पांढऱ्यावर निळी, गोल, मऊ अक्षरं.

मला काय हवं होतं? मला कंपनीसारखी पाटी हवी होती. ताठ, धारदार, मुंबईत असतात तशी. मी कामगाराचा मालक झालो होतो आणि ते लांबून कळायला हवं होतं. मोबाइलवाला म्हणाला, "छान आहे, घरगुती वाटते." त्या एका शब्दाने माझं डोकं फिरलं.

"ही पाटी आहे का जिलबीची गाडी?" मी ओरडलो. "कोपरे कुठायत?"

"कोपरे टिकत नाय हिकडं. कारखान्यांचा वारा..."

"मला वारा शिकवू नको. मला सरळ अक्षरं पाहिजेत. पूस ही."

पेंटरने रंगाचा छोटा डबा उघडून तयार ठेवला होता. तो त्याने आईकडे बघत बंद केला.

"पुसू?" त्याने विचारलं.

"पूस म्हणतोय ना!"

"बरं," तो म्हणाला. पाटीवर कापड घातलं, काखेत मारली आणि स्टेशनच्या दिशेने चालायला लागला. आई उजव्या हाताचं बोट तसंच जरा वेगळं धरून उभी होती. तो दिसेनासा झाल्यावर म्हणाली, "मी टिंब दिलं असतं की रे."

मुंबईहून पाटी करून आणली. ताठ, धारदार. आई पुढच्या वर्षी गेली. पाटी त्यानंतर एका पावसाळ्यात कोपऱ्यांतून सुटायला लागली.

हा माझा पेंटरवरचा राग. त्याने माझ्या आईचं नाव पुसलं. पूस म्हणालो मीच, कबूल. पण मी दिवसातून पन्नास गोष्टी ओरडून सांगतो, सगळं जग त्या ऐकतं का? घासाघीस करणाऱ्या माणसाचा पहिला शब्द कोणी शेवटचा धरतो का? त्याने एकदा नाही म्हणायचं होतं. मी अजून दोनदा ओरडलो असतो आणि मग घेतली असती. वीस वर्षं मी हे मनातल्या मनात त्याला ऐकवत आलोय.

*

पुढे या भागात फ्लेक्सचं मशीन पहिल्यांदा आणणाऱ्यांत मी होतो. कर्ज काढून आणलं आणि वाढदिवस, निवडणुका, उद्घाटनं, सगळं त्यावर छापलं. पालघर जिल्हा झाला, कोळगावला जिल्ह्याच्या कचेऱ्या उभ्या राहिल्या, तेव्हा स्टीलच्या अक्षरांची कामंही मला मिळाली. रंगाने लिहून घेणारे राहिले नाहीत. होड्यांचीसुद्धा नावं माझ्याकडे स्टिकरमध्ये यायला लागली. तेव्हा एक गोष्ट कळली आणि ती मी कोणाला बोललो नाही. स्टिकर पहिल्यांदा कोपऱ्यातून सुटतो. टँकरवर, होडीवर, कुठेही. मी गुपचूप सगळ्या स्टिकरचे कोपरे गोल करून कापायला सुरुवात केली.

मशीन आल्यावर पेंटर एकदा बघायला आला होता. तासभर उभा राहिला. आमदाराचा बॅनर बाहेर सरकत होता, डोकं, मग चष्मा, मग मिशी.

"टिंब कोन देतो ह्याला?" त्याने विचारलं.

"मशीनच देतं."

"सगळ्यांना एकच बोट?"

बॅनर न्यायला आलेलं गिऱ्हाईक हसलं. मला वाटलं, माझ्यावर हसलं. पेंटर दारापर्यंत गेला आणि वळून म्हणाला, "शेट, तुजं टिंब ऱ्हायलंय."

"पाटी पुसून टाकलीस आणि टिंब कसलं मागतोस?" माझा आवाज रस्त्यापलीकडे गेला असेल. "चल, निघ."

तो काही बोलणार होता. तोंड उघडलं, मग आवाज करणाऱ्या मशीनकडे बघितलं आणि पाइप काखेत मारून गेला. तो वारल्याचं मला काही वर्षांनी एका सातपाटीच्या गिऱ्हाइकाकडून कळलं. मी दर ठरवत होतो. दर ठरवूनच उठलो.

*

तर तो गोल फॉन्ट. मनीषाने न विचारता माझ्या आईचं नाव लिहिलं होतं, दुकानाचं म्हणून. निळं, पांढऱ्यावर. मी बराच वेळ बघत राहिलो. चांगलं होतं, खोट काढण्यासारखं नव्हतं. फक्त सगळी टोकं सारखीच गोल होती. पेंटरच्या अक्षरांत डावीकडचं टोक जरा पसरट असायचं, अंगठा तिथे जोराने टेकायचा. आणि वरचं टिंब. कंपासने काढावं तसं.

"लावायचं का आपल्या पाटीला?" मनीषाने विचारलं.

"थांब," मी म्हणालो. "मूळ बघून येतो."

मला त्याच्या हातचं काहीही चालणार होतं. एखादी फळी, एखाद्या डब्यावरचं नाव. दुसऱ्या दिवशी सकाळी सातपाटीला गेलो. पेंटरचं घर विचारत विचारत सापडलं. मांडवावर बोंबील वाळत होते. त्याची बायको खाली बसून सुकी मासळी निवडत होती. मी दुकानाचं नाव सांगितलं, तशी तिने मान वर करून मला नीट पाहिलं.

"म्हंजे तुमी ते. शांताबायचे."

"हो, काकी. पेंटरच्या हातचं काही लिहिलेलं असलं तर..."

ती उठली. ओसरीत सुक्या मासळीची मोठी लाकडी पेटी होती. तिच्यावरचं झाकण तिने दोन्ही हातांनी उचललं आणि उलटं करून माझ्यासमोर धरलं.

शांता. निळी अक्षरं, कालच लिहिल्यासारखी. वीस वर्षं ती पालथी होती, ऊन नाही, वारा नाही. फक्त 'शा'च्या वर टिंब नव्हतं.

"पुसली नाही?" मी विचारलं.

"रॉकेलचा बोळा घेऊन बसला व्हता. मग म्हनला, बायमानसाचं नाव हाय, हात चालत नाय. तुमी परत याल म्हनून ठेवली व्हती."

"मला सांगितलं नाही त्याने."

"आलता ना सांगायला बोईसरला. तुमी हाकलला."

घासाघिशीचा माझा एक नियम आहे. वस्तू हवी आहे हे चेहऱ्यावर दिसू द्यायचं नाही आणि पहिला आकडा आपण बोलायचा नाही. मी दोन्ही मोडले. काय द्यायचं ते सांगा म्हणालो. मग वाढवून म्हणालो. मग म्हणालो की पेटीला नवं झाकण करून देतो, वर फ्लेक्सचा चांगला जाड कागद आणून देतो, पाऊस लागणार नाही.

"फ्लेक्स नको," काकी म्हणाली. "त्याच्याखाली मासळी घामेजते. आनि पैशाचं काय बोलता? पाटी तुमचीच हाय. टिंब द्या आनि घेऊन जा. टिंबाबिगर तो देत नव्हता, आमी पन नाय देनार."

ती आत गेली आणि रंगाचा डबा घेऊन आली. त्याच्याच सामानातला, निळा. वर साय धरली होती, तिने सुरीने फोडली. खाली रंग ओला होता. तिने पाटी भिंतीला टेकवून उभी केली, डबा माझ्यापुढे धरला, अगदी तो धरायचा तसा.

मी बोट पुढे केलं. रंगात बुडवण्याआधी माप बघावं म्हणून कोरडंच त्या जागेवर टेकवलं.

पेन्सिलीचा गोल अजून होता. पुसट, पण पूर्ण. माझं बोट त्यात मावलं नाही. चारही बाजूंनी बाहेर आलं. करंगळी लावून बघितली, तीही जराशी मोठीच. झिजलेलं, बारीक बोट. आईचा फोटो आहे माझ्याकडे, तिची साडी आहे, पण तिच्या अंगाचं माप असं कुठेच राहिलेलं नाही.

रंग दिला असता तर तो गोल बुजला असता.

"काय झालं?" काकी म्हणाली. "रंग सुकतोय."

"डबा बंद करा, काकी."

"मग पाटी?"

"राहू दे इथेच. तुमचा नियम आहे ना."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग त्या गोलाकडे पाहिलं. डब्याला झाकण लावलं. मी म्हणालो, "मधूनमधून येऊन बघितली तर चालेल?"

"या की. येताना पिशवी आना, मासळी न्या. फुकट नाय देनार हां, ऐकलंय तुमचं." आणि तिने पाटी उचलून पुन्हा पेटीवर पालथी घातली.

दुकानात आलो तेव्हा मनीषाच्या समोर तो गोल फॉन्ट उघडाच होता. माझे रिकामे हात बघून म्हणाली, "काय दादा, भाव नाय जमला?"

"नाही जमला," मी म्हणालो, आणि तिच्या शेजारची खुर्ची ओढून बसलो. "हाच लाव पाटीला. छान आहे फॉन्ट. टिंब तेवढं काढ, जागा सोड."

"टिंबाशिवाय? लोक चूक काढतील."

"काढू देत."